त्या तिघांना फोन कर

अगं, तुझा रात्रीचा मेसेज सकाळी वाचला. पेपरच्या डेस्कवरच्या तिघांना कामावरून काढलं, तू राहिलीस, आणि आता त्यांच्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघवत नाही म्हणतेस. साहजिक आहे. पण गप्प बसू नकोस.

माझं सांगतो. 2020 चा मे. मार्चअखेर मुंबईत काही दिवस पेपर छापणंच बंद होतं, मग जाहिराती आटल्या, पुरवण्या गेल्या, आणि पानं कमी झाली की पानं लावणारी माणसं जास्त होतात हे सगळ्यांना दिसत होतं तरी प्रत्येकाला वाटायचं आपला नंबर नाही लागणार. एचआरनं बोलावलं तेव्हा राजीनामा टाइप करून तयार, फक्त सही बाकी. दहा मिनिटांत केली. तेव्हा 1955 चा श्रमिक पत्रकार कायदा होता, कपात करायची तर उपसंपादकाला तीन महिन्यांची नोटीस, संपादकाला सहा, पण राजीनामा दिला की कागदावर आपण स्वतःहून गेलो. एप्रिलमध्येच बृहन्मुंबई युनियन ऑफ जर्नालिस्ट्स आणि दिल्लीच्या संघटना कपातीविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेल्या होत्या, मी ती बातमी वाचलेली, तरी हात चालला. आता तो कायदा नव्या लेबर कोडात गेलाय, म्हणून तुझ्यावर वेळ आली तर 'घरी वाचून देते' एवढंच म्हण, कागद युनियनवाल्यांना किंवा कामगार वकिलाला दाखव, पीएफ ग्रॅच्युइटी रजेचे पैसे सगळं लेखी माग.

पण खरं दुखलं ते वेगळंच. साडेबाराला शहर आवृत्तीची पानं सोडायची सवय, महिनोन्महिने त्याच वेळेला जाग यायची, अंधारात हॉलमध्ये बसायचो, बायको तांब्या घेऊन शेजारी बसायची, बोलायची नाही काही. वडिलांना चार महिने सांगितलंच नाही. ते रोज पेपर उघडून शेजारच्या काकांना दाखवायचे, हे पान आमच्या पोरानं लावलंय.

आणि फोन. चौदा वर्षं ज्यांच्याबरोबर चहा प्यायलो त्यातल्या एकाचाच आला, रात्रपाळीच्या आर्टिस्टचा. त्यालाही काय बोलावं सुचेना, मग हेडिंगच्या फॉन्टवरच वीस मिनिटं बोलला. त्या रात्री मी झोपलो.

म्हणून आज तिघांनाही फोन कर. 'काही लागलं तर सांग' नको म्हणूस, कोणी सांगत नसतं. ज्याच्या मुलीची फी भरायची राहिलीय म्हणालीस त्याला आधी. चारच्या सुमारास कर, मीटिंगची वेळ ती, तेव्हाच घर खायला उठतं.