एनएफएस स्लो वाटतंय? आधी मोजा, मग थ्रेड वाढवा
अरे भाऊ, एनएफएस (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवरच्या फाइल वापरायची सोय) स्लो वाटलं म्हणून सर्व्हरच्या थ्रेडचे (एकाच वेळी रिक्वेस्ट हाताळणाऱ्या कामगारांचे) आकडे लगेच वाढवत बसू नकोस, आधी क्लायंटवर, म्हणजे फाइल वापरणाऱ्या तुझ्या मशीनवर, एनएफएसआयओस्टॅट (एनएफएसला लागणारा वेळ दाखवणारी कमांड) चालव आणि आरटीटी आणि एक्झी हे दोन कॉलम नीट बघ. आरटीटी म्हणजे रिक्वेस्ट गेल्यापासून उत्तर येईपर्यंतचा वेळ, एक्झीमध्ये क्लायंटच्या रांगेत थांबलेला वेळपण धरतात, त्यामुळे एक्झी आरटीटीपेक्षा खूप जास्त दिसला तर अडकलंय तुझ्याच मशीनवर. तेव्हा एनकनेक्ट लाव, म्हणजे सर्व्हरशी किती कनेक्शन उघडायची ते ठरवणारा माउंटचा (सर्व्हरचं फोल्डर आपल्या मशीनवर जोडण्याचा) पर्याय. लिनक्स ५.३ पासून मिळतो, एकाच सर्व्हरला १६ पर्यंत टीसीपी कनेक्शन उघडता येतात, मी ४ पासून सुरुवात करायला सांगेन. फक्त एक लक्षात ठेव, त्या सर्व्हरचा एखादा माउंट आधीच चालू असेल तर जुनंच कनेक्शन वापरलं जातं आणि नवीन आकडा लागतच नाही, म्हणून सगळे अनमाउंट करून मग परत माउंट कर, इथेच बरेच जण फसतात आणि म्हणतात काही फरकच पडला नाही.

आरटीटीच जास्त असेल तर क्लायंटला हात लावू नको, नेटवर्क आणि सर्व्हर बघ. जुन्या सेटअपवर एनएफएसडीचे (सर्व्हरवर एनएफएस चालवणाऱ्या सेवेचे) थ्रेड डिफॉल्ट ८ असतात, क्लायंट बरेच असतील तर ते कसे पुरणार?

आणि प्लीज, एका वेळी एकच सेटिंग बदल.