गाडी ठोकली, भरपाई किती?

दादा, गॅरेजचं बिल म्हणजे भरपाई नव्हे. स्वतःच्या पॉलिसीतून क्लेम केलात की प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरीवर सरसकट 50 टक्के घसारा (वापरामुळे घटलेली किंमत) कापतात. काचेवर मात्र शून्य. बंपर प्लास्टिकचा, त्यामुळे तो फुटला की खिशाला जास्त चाट. 'झिरो डेप' (घसारा न कापणारं जादा कव्हर) घेतलं असेल तर ही कात्री बहुतेक टळते. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) 75 टक्क्यांवर गेला तर गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण बाद, धरतात.

चूक समोरच्याची असेल तर कापली गेलेली रक्कम मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मागा. अर्ज सहा महिन्यांच्या आत टाका. एकच नुकसान दोनदा वसूल होत नाही, तो नाद सोडा. सर्व्हेअर (विम्यासाठी नुकसान तपासणारा) येण्याआधी मेकॅनिकला गाडी खोलू देऊ नका, बरेच क्लेम तिथेच अडकतात. पंचनाम्याची प्रत आणि पार्टनिहाय बिल हवंच.