शाळेने मनावर घेतलं तर गरीब पालकांचा कोणता खर्च खरोखर कमी होऊ शकतो?

तुम्ही खासगी शाळेत शिकवता, संस्था फी कमी करणार नाही हे तुम्हाला माहीत आहे, आणि तरी बाकीचा खर्च कसा उतरवता येईल असं विचारताय. मग मी फीचं शेवटी बोलते. आधी गणवेशाचं. नाशिकला सिडकोत माझं शिलाईचं दुकान आहे आणि माझं निम्मं काम शाळेच्या कपड्यांचं असतं.

चौकड्याचं कापड बंद करा. शाळेसाठी खास विणून घेतलेला चौकडा बाजारात सुटा मिळत नाही. गिरणी थोड्या ताग्यांची ऑर्डर घेत नाही, म्हणून एकच व्यापारी सगळा माल उचलतो आणि भाव तो म्हणेल तो. शिवाय चौकड्याची रेघ खिशाला आणि बाजूच्या शिवणीला जुळवायची तर कापड जास्त लागतं. साधा पांढरा शर्ट आणि निळी किंवा राखाडी पँट ठेवली तर मेन रोडवर कुठल्याही दुकानात ताग्यावरून कापड मिळतं आणि चार ठिकाणी भाव विचारता येतो.

दुसरं म्हणजे, मूल वाढतं तेव्हा शर्ट आधी तोकडा होतो. खांदा आणि मुंढा वाढवता येत नाही. पँट आणि स्कर्टचं तसं नाही. कमरेला मागच्या शिवणीत दीड इंच माया, म्हणजे आत सोडलेलं जादा कापड, आणि खाली तीन-चार इंच दुमड ठेवली तर दोन वर्षं निघतात. म्हणून दरवर्षी बदलावा लागणारा शर्ट अगदी साधा ठेवायचा, आणि शाळेची ओळख खिशावरच्या बिल्ल्यात. बिल्ला उसवून नव्या शर्टाला लावता येतो. गणवेश ठरवणाऱ्या समितीत शिवणकाम कळणारं एकही माणूस नसतं, त्यामुळे हे कुणी बोलत नाही.

आमच्या भागातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेने काही वर्षांपूर्वी नेमकं उलटं केलं. मे महिन्यात पालकांच्या व्हॉट्सॲपवर निरोप आला: गणवेश बदलला, अमुक दुकानातूनच घ्यायचा, जूनपासून सक्ती. रोजचे दोन चौकड्याचे, शनिवारचा पांढरा, हाउसचा टी-शर्ट, आणि लोगो विणलेले मोजेसुद्धा. माझ्याकडे येणाऱ्या बायका अंबडच्या कारखान्यांत पॅकिंगला जाणाऱ्या, कुणाच्या मिस्टरांची रिक्षा. त्यांच्या मुलांचे जुने गणवेश मीच शिवलेले होते, दोन वर्षांची माया धरून. ते एका निरोपासरशी बाद झाले. दोन मुलं असलेल्या घरात त्या जूनमध्ये महिन्याच्या पगाराचा मोठा भाग कपड्यांतच गेला. एका बाईंनी त्यासाठी बचत गटातून कर्ज उचललं, आणि ते फेडेपर्यंत मुलाची पुढची मापं आली.

मी त्या दुकानातला एक ड्रेस मागवून उलटा करून बघितला. आत माया नावाला नाही, कडा नुसत्या ओव्हरलॉक केलेल्या, खाली अर्धा इंच दुमड, बटणं एका धाग्यावर. सुटं कापड मागितलं तर व्यापारी देईना. दिलं असतं तर मी बरंच स्वस्तात शिवून दिलं असतं आणि टिकलंही असतं.

आम्ही अर्ज लिहिला. ठरावीक दुकानातून साहित्य घ्यायची सक्ती करता येत नाही असा राज्याचा २००४ चा शासन निर्णय आहे, त्याची प्रत जोडली. पालकांच्या सभेत मी त्यांचा तयार ड्रेस आणि माझ्या हातचा ड्रेस, दोन्ही उलटे करून टेबलावर ठेवले आणि शिवणी दाखवल्या. संस्थेचे एक गृहस्थ म्हणाले, परवडत नसेल तर जवळच महापालिकेची शाळा आहे. त्यावर एका आईने तिथल्या तिथे विचारलं, फी घेताना हे का सांगितलं नाही? मुख्याध्यापिकाबाईंनी मध्ये पडून तोड काढली. जुना गणवेश दोन वर्षं चालेल आणि बिल्ला शाळेच्या ऑफिसात सुटा मिळेल. व्यापारी आणि चौकडा राहिलाच. पण त्या दोन वर्षांत आमच्या बायकांचे बरेच पैसे वाचले आणि त्या सभेचा मला आजही अभिमान आहे.

आता आमच्या भाऊजींचं. माझे धाकटे दीर दुसऱ्या एका संस्थेत शिक्षक आहेत आणि या विषयावर आमचं दर दिवाळीला वाजतं. त्यांचं म्हणणं असं, “वहिनी, कपडा एकाच ठिकाणचा हवा, तरच सगळी मुलं सारखी दिसतात, गरीब-श्रीमंत कळत नाही.” मी कपडे हाताळते म्हणून सांगते, हे चूक आहे. गणवेश महाग असला की गरीब घर एकच जोड घेतं. तो रोज रात्री धुतला जातो, पावसाळ्यात ओलाच अंगावर चढतो, आणि दिवाळीपर्यंत रंग उडून कोण गरीब हे सगळ्या वर्गाला दिसतं. स्वस्त कापडाचे दोन जोड असतील तरच मुलं सारखी दिसतात.

सरकारी शाळांसाठी राज्याची ‘एक राज्य, एक गणवेश’ योजना आली तेव्हा भाऊजींना वाटलं त्यांचंच खरं ठरलं. २०२४-२५ ला कापड वरून एकाच ठिकाणाहून घ्यायचं ठरलं. १५ ऑगस्ट उलटून गेला तरी कितीतरी सरकारी शाळांत गणवेश पोचले नव्हते. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने ते काम परत शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं. आणि समितीला मिळतात किती, तर एका गणवेशाला ३०० रुपये. कापड साधं असेल आणि शिंपी गावातला असेल तर त्या पैशांत ओढाताण करून का होईना, बसवता येतं. भाऊजी, हे वाचत असाल तर याला उत्तर द्या.

त्यांचा दुसरा मुद्दा, जुने कपडे दिले की मुलांना कमीपणा वाटतो आणि फुकटची किंमत राहत नाही. माझ्या दुकानात दर मे महिन्यात आखूड झालेले गणवेश गोळा होतात. नियम एकच, ज्याच्याकडे आहे त्या प्रत्येकाने द्यायचा, कॉलेज रोडच्या डॉक्टरांनीसुद्धा. मी धुऊन, इस्त्री करून, काजं-बटणं नीट करून मापाप्रमाणे लावते. कुणाचा कुठला हे कळत नाही, ज्याला जे माप लागेल ते तो नेतो. एकाही मुलाने कुरकुर केलेली नाही. मुलाला कमीपणा वाटतो तो ‘गरजू विद्यार्थी’ म्हणून स्टेजवर बोलावून, पिशवी हातात देऊन फोटो काढला की. आणि फी राहिली म्हणून वर्गात नाव वाचून दाखवलं की. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये मुलाला मानसिक त्रास द्यायलाही मनाई आहे, तरी नावं वाचली जातात. तुम्ही शिक्षक आहात, एवढं तरी तुमच्या वर्गात आजपासून बंद होऊ शकतं. त्याला संस्थेची परवानगी लागत नाही.

पुस्तकांचं थोडक्यात. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत बालभारतीची पुस्तकं मोफत मिळतात. खरी अडचण तुमच्यासारख्या विनाअनुदानित शाळांत, जिथे खासगी प्रकाशकांची वर्कबुकं असतात. पुस्तकात लिहिलं की ते पुढच्या मुलाला बाद. उत्तरं वहीत लिहून घ्या, म्हणजे तेच पुस्तक तीन मुलांना पुरेल. नाशिकच्या थंडीसाठी शाळेचा स्वेटर वेगळा घ्यायला लावू नका, निळा कुठलाही चालेल असं लिहून द्या.

फी. राज्याच्या २०११ च्या शुल्क कायद्याप्रमाणे फीला मान्यता देणारी पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती असते, त्यात प्रत्येक इयत्तेचा एक पालक असतो. ठरलेली फी दोन वर्षं वाढवता येत नाही. त्या समितीत बहुतेक पगारी रजा मिळणारे नोकरदार पालकच असतात, कारण सभा कामाच्या वेळेत. सभा रविवारी घ्या.

आणि एक गोष्ट शाळा सांगतच नाहीत. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के राखीव जागांतून आलेलं मूल आठवीपर्यंतच मोफत शिकतं, नववीला पूर्ण फी. आमच्या गल्लीतल्या एका मुलीला हे आठवीच्या निकालावेळी कळलं. गरीब घरातल्या हुशार मुलांसाठी केंद्राची एनएमएमएस शिष्यवृत्ती वर्षाला १२,००० रुपये देते, पण ती सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना, तिला त्या परीक्षेला बसता आलं नाही. अशा मुलांसाठी नववी-दहावीची सवलत संस्थेने आधीच बाजूला काढून ठेवावी आणि सहावी-सातवीतच आई-बापांना बसवून सांगावं.

माझं पोट शिलाईवर आहे, तेव्हा माझं म्हणणं तेवढं लक्षात ठेवून वाचा. सगळे व्यापारी लुबाडतात असंही नाही. काही जण हप्त्यावर देतात, पुढच्या वर्षी माप बदलून देतात. शाळेने तसा व्यापारी निवडला आणि सुटं कापडही विकायला लावलं तर माझी तक्रार नाही.

गणवेश बदलायचाच असेल तर दिवाळीच्या सुमारास ठरवा आणि लगेच कळवा. जून तोंडावर आल्यावर निरोप आला की पालकांपुढे एकच दुकान उरतं. जुना दोन वर्षं चालेल हे त्याच पत्रात लिहा, आणि बिल्ला ऑफिसात सुटा ठेवा.