माळ्यावरचा सिंथ खाली काढलाय, आता टोन कसा बांधू?

मामांचा ऑर्केस्ट्रा होता. त्यांचा यामाहा डीएक्स-७ सिंथ (सिंथेसायझर) माळ्यावरून खाली काढला. चालू होतो, पण टोनच्या नावांच्या जागी अगम्य अक्षरं दिसतात आणि नुसता खरखराट येतो. मला स्वतःचा टोन बांधायचा आहे, पण पॅनेलवर नॉबच नाहीत! — खानापूर

आधी मागचं लेबल वाचा. थेट जपानहून आलेला पीस असेल तर तो १०० व्होल्टचा. आपल्या २३० व्होल्टला तो जोडलात तर पॉवर सप्लाय जाईल, म्हणून मध्ये स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर हवाच.

नावं बिघडली म्हणजे बहुतेक आतला ३ व्होल्टचा लिथियम सेल संपला. तो बोर्डावर डाग देऊन बसवलेला असतो, चांगल्या रिपेअरवाल्याकडून बदलून घ्या. मामांचे टोन गेले म्हणून हळहळू नका, कंपनीचे मूळ ३२ टोन मिडीवरून (वाद्य संगणकाला जोडायच्या सोयीवरून) परत भरता येतात. भरताना मेमरी प्रोटेक्ट ऑफ करायला विसरू नका.

आता खरा प्रश्न. १९८३ च्या या यंत्रात फिल्टर (आवाजाची धार गाळणारा भाग) नाही, त्यामुळे इतर सिंथची सवय इथे कामाची नाही. सहा ऑपरेटर आहेत आणि प्रत्येक जण साधी साइन लहर काढतो. ऐकू येणारा तो कॅरियर, त्याला हलवणारा तो मॉड्युलेटर. कोण कोणाला हलवणार हे ३२ अल्गोरिदमपैकी एक ठरवतो. सगळे ३२ पाठ करायच्या भानगडीत पडू नका.

फंक्शनमध्ये जाऊन १० नंबरचं बटण दाबा, ‘व्हॉइस इनिट’ला होकार द्या. आता फक्त पहिला ऑपरेटर वाजतोय, शिट्टीसारखा कोरा आवाज. पांढरी एक धरून ठेवा आणि दुसऱ्या ऑपरेटरची आउटपुट लेव्हल शून्यापासून हळूहळू वर न्या. साठ-सत्तरच्या पुढे आवाजाला धार चढू लागेल. मग त्याच ऑपरेटरची फ्रिक्वेन्सी कोर्स (मोठ्या पायऱ्यांचा आकडा) १ वरून २ वर न्या, आवाज पोकळ, क्लॅरिनेटच्या जातीचा होतो. फाइनने (बारीक पायऱ्यांनी) तो आकडा अपूर्णांकात नेलात की घंटा वाजू लागते. पूर्ण आकड्यांना सूर, अपूर्णांकांना धातू, एवढं ध्यानात ठेवलंत तरी पुष्कळ.

कोर्स परत १ वर आणा. दुसऱ्या ऑपरेटरच्या एन्व्हलपमध्ये (पट्टी दाबल्यापासूनच्या चढउताराच्या आराखड्यात) लेव्हल २ आणि ३ शून्य करा, रेट २ चाळीसच्या आसपास ठेवा. आता आवाज धारदार सुरू होऊन मऊ होत जातो, तार छेडल्यासारखा. लक्षात ठेवा, इथे रेटचा आकडा जितका मोठा तितका वेग जास्त. शेवटी याच ऑपरेटरची व्हेलॉसिटी सेन्सिटिव्हिटी ४-५ करा, म्हणजे पट्टी जोरात मारली की धार वाढेल. ऐंशीच्या दशकातल्या त्या प्रसिद्ध इलेक्ट्रिक पियानोचं मर्म इथेच आहे. माझ्या मते पहिला महिना दोन ऑपरेटरच्या पुढे जाऊच नये.

रोलँड जुनो-१०६ घेतलाय. लग्नात वाजवायला सनईच्या जवळचा टोन हवा आहे. पण पॅच (साठवलेला टोन) लावून फिल्टरची सरकपट्टी हलवली की आवाज एकदम उडी मारतो. बिघाड आहे का? — निपाणी

बिघाड नाही. पॅच बोलावला तरी सरकपट्ट्या आपल्या जागी जिथल्या तिथेच असतात. हात लावलात की सरकपट्टीची जागा खरी ठरते. म्हणून सुरुवातीला मॅन्युअल बटण दाबून कामाला लागा, मग डोळ्यांना दिसतं तेच कानांना ऐकू येतं.

सनईसाठी सॉटूथ लहर बंद, पल्स लहर चालू आणि पल्सची रुंदी अगदी अरुंद. नाकातला आवाज तिथूनच येतो. सब-ऑसिलेटर (खालच्या सप्तकाचा जोडसूर) बंद. हाय-पास फिल्टर एक पायरी वर, खालचा भरणा कमी करायला. कटऑफ (फिल्टर आवाज जिथून कापतो ती हद्द) अर्ध्याच्या वर, रेझोनन्स (त्या हद्दीजवळचा उठाव) थोडा. अटॅक (सूर चढायचा वेळ) किंचित, सस्टेन (धरलेल्या सुराची पातळी) पूर्ण, रिलीज (पट्टी सोडल्यावरचा रेंगाळ) जवळजवळ नाहीच. कोरस (आवाज दाट करणारा इफेक्ट) बंद ठेवा, फार मोह होतो, पण त्याने सनईची व्हायोलिनं होतात. मींड बेंडरवर (सूर वाकवायच्या दांडीवर) घ्या. एक अडचण राहतेच: या कीबोर्डला जोर कळत नाही, कितीही मारा, आवाज तेवढाच. त्यामुळे फुंकेचा चढउतार व्हॉल्यूम पेडलने काढावा लागतो. हुबेहूब सनई मात्र होणार नाही. मांडवात खरा सनईवाला बसला असेल तर हा टोन वाजवू नये, हे माझं स्पष्ट मत.

लॅपटॉप आहे, सिंथ घ्यायला पैसे नाहीत. शिकता येईल? — शहापूर

अगदी. ‘डेक्स्ड’ हे फुकट सॉफ्टवेअर डीएक्स-७ च्याच पद्धतीवर चालतं आणि त्याच्या टोनच्या फाइली उघडतं. सगळे ऑपरेटर एकाच पडद्यावर दिसतात, खानापूरच्या वाचकांना लाभणार नाही अशी ही चैन आहे. वर दिलेला दोन ऑपरेटरचा धडा जसाच्या तसा करा.

भजनात पेटीबरोबर सिंथ वाजवतो. काळी चार लावली तरी दोघांत लाटा उठतात. — येळ्ळूर

सिंथ ‘ए’ ४४० हर्ट्‌झवर धरतो. पेटी जुनी असेल तर तिचे सूर सरकलेले असतात. ट्यून फिरवून सिंथ पेटीकडे न्या. तबला पेटीवर मिळवलेला आहे, एका तुमच्यासाठी सगळी मैफल कोण हलवणार?

माझ्या जुनो-१०६ मध्ये मधूनच एखादा सूर गायब होतो. पावसाळ्यामुळे असेल का? — अनगोळ

आपल्याकडच्या दमटपणाने पट्ट्यांखालचे कॉन्टॅक्ट खराब होतात हे खरं, पण आधी एक चाचणी करा. पॉली १ मोडमध्ये एकच पट्टी ओळीने वाजवत राहा. त्या मोडमध्ये सहा व्हॉइस (एकेक सूर काढणारे आतले भाग) आळीपाळीने येतात. दर सहाव्या वेळी सूर बुडत किंवा कुरकुरत असेल तर दोष पट्टीचा नाही, ८००१७ए या व्हॉइस चिपचा आहे. तिच्यावरचं इपॉक्सीचं वेष्टण कालांतराने दगा देतं, हा या मॉडेलचा जगभरचा आजार आहे. काही जण चिप अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून वेष्टण उतरवतात, नव्या बनावटीच्या चिपाही मिळतात. एकच पट्टी दर वेळी रुसत असेल तर मात्र नुसता कॉन्टॅक्ट साफ करून घ्या.