वाचकांचे प्रश्न : धावपटूच्या पुढे पळणारे दिवे

प्रश्न : आमच्या शाळेच्या मैदानावर फक्कीने आखलेला २०० मीटरचा ट्रॅक आहे. १५०० मीटरची मुले पहिल्या फेरीत सुसाट सुटतात आणि चौथ्या फेरीत बसतात. मोठ्या स्पर्धांत ट्रॅकच्या कडेला पळणारे दिवे असतात, तसे कमी खर्चात करता येतील का? (क्रीडाशिक्षक, ऐरोली)

उत्तर : येतील, पण त्या दिव्यांची हुबेहूब नक्कल करू नका. ७ ऑक्टोबर २०२० रोजी स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात युगांडाच्या जोशुआ चेप्टेगेईने १०,००० मीटरचा २६ मिनिटे ११ सेकंदांचा विश्वविक्रम केला, तेव्हा आतल्या कडेने उजेड त्याच्यासोबत सरकत होता. फेरीमागे सरासरी ६२.८४ सेकंद! सरावाला मात्र अशी सलग ओळ लागत नाही. २०० मीटर एलईडी पट्टी टाकली, तर व्होल्टेज वाटेतच पडते आणि साध्या पट्टीत एक एलईडी गेला की पुढची सगळी ओळ बंद. दर १० मीटरला एक, असे २० सुटे दिवे पुरतात. प्रत्येकाची बॅटरी वेगळी, घड्याळ मात्र सगळ्यांचे एक.

एका दिव्याला लागते ते असे: ईएसपी३२-सी३ बोर्ड (वाय-फाय असलेला, प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड), डब्ल्यूएस२८१२बी एलईडी (डेटा पाठवून रंग बदलता येणारे) ८ असलेली छोटी पट्टी, एक १८६५० सेल (चार्ज होणारा लिथियम सेल), प्रोटेक्शनवाले टीपी४०५६ चार्जिंग मॉड्यूल, ५ व्होल्टचा बूस्ट कन्व्हर्टर (सेलचे व्होल्टेज वाढवणारा) आणि १एन४००७ डायोड. डबी धरून दिव्यामागे अंदाजे पाचशे-सहाशे रुपये. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सगळे एकाच फेरीत मिळते.

बूस्ट कन्व्हर्टर वाचवायचा मोह होतो, वाचवू नका. बऱ्याच बोर्डांवरच्या रेग्युलेटरला (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागाला) ३.३ व्होल्ट देण्यासाठी आत साधारण १ व्होल्ट जास्त लागतो. सेल ३.७ वर उतरला की वाय-फायचा रेडिओ सुरू होताच बोर्ड रीसेट होतो. कन्व्हर्टर जोडण्याआधी मल्टिमीटर लावून स्क्रूने ५ व्होल्ट करून घ्या, नाहीतर पहिल्याच झटक्यात बोर्ड जळेल. डायोड एलईडीच्या पुरवठ्यात घाला. ५ व्होल्टवर एलईडीला डेटा कळायला ३.५ व्होल्टचा सिग्नल लागतो आणि बोर्ड देतो ३.३. डायोडमुळे पुरवठा सुमारे ४.३ वर येतो, मग ३ व्होल्टचा सिग्नलही चालतो. हे न केल्यास रंग भलतेच दिसतात, दिवे मधूनच लुकलुकतात, आणि माणूस तासन् तास प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतो.

आता सगळ्यात महत्त्वाचे. दिवा लागण्यावर नव्हे, विझण्यावर वेळ बांधा. मुलगा मागे वळून पाहू शकत नाही. त्याला समोरचेच दिसते. म्हणून पुढचा दिवा आधी लागू द्या आणि मुलाने जिथे असायला हवे त्या क्षणी विझू द्या. दिव्यापाशी पोचल्यावर तो अजून पेटलेला असेल तर मूल वेळेपुढे आहे, वाटेतच विझला तर मागे. १५०० मीटर ६ मिनिटांत हवे असतील तर फेरी ४८ सेकंदांची, म्हणजे दिव्यामागे २.४ सेकंद. पाचवा दिवा ९.६ सेकंदांना लागेल, १२ व्या सेकंदाला विझेल. उभ्याने सुटल्यावर वेग यायला वेळ जातो, त्यामुळे सरावाच्या फेऱ्यांत मुलांना १० मीटर मागून पळत येऊ द्या.

प्रश्न : दिवे ठीक चालतात, पण घड्याळ लावून पाहिले तर सातव्या फेरीपर्यंत दोन सेकंद मागे पडतात. बोर्ड खराब आहेत का? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, कोपरी, ठाणे)

उत्तर : बोर्ड ठणठणीत असावेत. प्रोग्राममध्ये 'इतका वेळ थांब, मग दिवा बदल' असे लिहिलेत का, किंवा एक दिवा पुढच्याला निरोप देतो अशी साखळी आहे का, ते बघा. प्रत्येक पायरीला १५ मिलिसेकंद जास्त गेले, तरी २० दिव्यांच्या फेरीत ०.३ सेकंद आणि सात फेऱ्यांत २.१ सेकंद होतात. म्हणून प्रत्येक दिव्याने सुरुवातीच्या क्षणापासून स्वतःची वेळ मोजावी आणि तीही मायक्रोसेकंदांत. बोर्डावरचा क्रिस्टल (त्याच्या घड्याळाचा ठोका देणारा भाग) लाखात दोन भाग चुकला, तरी २० मिनिटांत २४ मिलिसेकंदच चुकतो.

सुरुवातीचा निरोप ईएसपी-नाऊने (या बोर्डांची राउटरशिवाय थेट निरोप देण्याची सोय) सगळ्यांना एकदम पाठवता येतो, पण अशा निरोपाची पोच मिळत नाही. एकदाच पाठवलात तर कुठलातरी दिवा मुकाच राहील. मुख्य बोर्डाने (निरोप पाठवणाऱ्या वेगळ्या बोर्डाने) दर सेकंदाला 'सुरू होऊन इतका वेळ झाला' असे कळवत राहावे. चारदोन निरोप हुकले तरी बिघडत नाही. सगळ्यांचे चॅनेल एकच ठेवा, वाय-फायचे पॉवर सेव्ह बंद करा. मुख्य बोर्ड मैदानाच्या मधोमध, दोनेक मीटर उंच काठीवर बांधा. दिवे जमिनीलगत असल्याने सिग्नल लवकर मरतो.

प्रश्न : दिवे फक्कीच्या रेघेवर दर १० मीटरला ठेवले आहेत. मुले म्हणतात दिवे जास्त जोरात पळतात. (पालक आणि हौशी प्रशिक्षक, नेरूळ)

उत्तर : मुले खरे सांगत आहेत. नुसती रेघ असली की धावण्याचे अंतर रेघेच्या बाहेर २० सेंटिमीटरवर मोजतात. उंच कडा असेल तर ३० वर. रेघ २०० मीटर भरली, तर त्या मार्गावर फेरी २०१.२६ मीटरची होते. वळण मोठे असो वा लहान, हा फरक तेवढाच राहतो. ४८ सेकंदांच्या फेरीत मुलांवर ०.३ सेकंदांचा जादा भार पडतो, १५०० मीटरला सव्वादोन सेकंदांचा.

स्टीलचा टेप घ्या, कापडी ताणतो. धावण्याच्या मार्गाची वळणाची त्रिज्या १८ मीटर ठेवली, तर प्रत्येक सरळ बाजू ४३.४५ मीटर येते. वळणावर केंद्रातल्या खुंटीला १८ मीटरची दोरी बांधून चाप आखा आणि त्यावर दर ९.८७ मीटरला खूण करा; खुणांमधला टेप सरळ जातो, म्हणून १० नाही. सरळ बाजू आणि वळण जिथे जुळतात तिथे १० मीटरचे दोन तुकडे करून मोजा. मग दिवा खुणेपासून काटकोनात आत सरकवा.

प्रश्न : सकाळी सातनंतर दिवे दिसेनासे होतात. पावसाळ्याचे काय? (ठाणे)

उत्तर : ७५ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा १५ सेंटिमीटरचा तुकडा आतून मॅट काळा रंगवा, एलईडी मागच्या टोकाला बसवा आणि तोंड येणाऱ्या धावपटूकडे करा. वळणावर दिवा थोडा फिरवावा लागतो. दोन गटांसाठी निळा आणि पिवळा रंग वापरा. काही मुलांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. पावसासाठी रबरी गॅस्केटची डबी आणि वायरीला केबल ग्लँड (वायर आत जाते ती जागा घट्ट बंद करणारे बूच) लागते. ग्लू गनचा गोंद उन्हात सुटतो. डबीत सिलिका जेलची पुडी टाका आणि दर आठवड्याला बघा: काचेवर आतून वाफ धरली असेल, तर डबी उघडून वाळवल्याशिवाय सेल चार्जिंगला लावू नका.