सीओटू (कार्बन डायऑक्साइड) वेल्डिंगमध्ये गॅस जळतो का? नसेल जळत तर तो लागतो कशाला?

गॅस अजिबात जळत नाही. गॅस कटिंगच्या सिलेंडरमुळे बऱ्याच जणांना तसं वाटतं, पण इथे सगळी उष्णता विजेची, गॅस फक्त हवेला लांब ठेवतो. वितळलेल्या लोखंडात हवेतला ऑक्सिजन, नायट्रोजन घुसला की बीडमध्ये (वेल्डच्या रेघेत) बारीक भोकं पडतात आणि जॉइंट ठिसूळ होतो. रॉडच्या वेल्डिंगमध्ये हे काम रॉडवरचा फ्लक्सचा लेप करतो, इथे रॉडऐवजी वितळणारी तार उघडी असते म्हणून नोझलमधून गॅस.

मी कोल्हापूरला ट्रॉल्यांचं फॅब्रिकेशन करतो, आमच्याकडे बहुतेक १.२ मिमीची तार, पातळ पत्र्याला ०.८. फीडर तार ढकलत राहतो, गनच्या टिपमधून तिला करंट मिळतो, तार जॉबला (वेल्ड करायच्या तुकड्याला) टेकली की शॉर्ट होते, टोक वितळून तुटतं, आर्क (तार आणि जॉबमधली विजेची ज्योत) पेटतो, तार परत टेकते, आणि हे सेकंदाला कितीतरी वेळा होतं म्हणून तो एकसारखा तडतड आवाज येतो, सेटिंग कानानेच कळते. आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट, मशीन व्होल्टेज स्थिर ठेवतं, त्यामुळे हात जरा वर गेला तर आर्क लांबतो, करंट कमी होतो, तार हळू वितळते आणि मागून येणारी तार अंतर आपोआप भरून काढते. रॉडमध्ये हे सगळं हाताने सांभाळावं लागतं. म्हणून इथे तारेच्या स्पीडचं बटण म्हणजेच करंट, आणि व्होल्टेज म्हणजे आर्कची लांबी, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम आलं.

सीओटू तसा पूर्ण निष्क्रिय नाही हं, आर्कच्या उष्णतेत तो फुटून थोडा ऑक्सिजन सुटतो, तो पकडायला तारेत मँगनीज आणि सिलिकॉन घातलेलं असतं (ईआर ७० एस ६ तार बघा), बीडवर काचेसारखे तपकिरी ठिपके दिसतात ते त्याचेच. अ‍ॅल्युमिनियमला मात्र सीओटू चालत नाही, शुद्ध आर्गॉनच लागतो. खरं तर १९४८ च्या सुमाराला अमेरिकेत ही पद्धत आर्गॉनवर अ‍ॅल्युमिनियमसाठीच निघाली, लोखंडासाठी स्वस्त सीओटू १९५० नंतर आला. आर्गॉन-सीओटू मिक्समध्ये स्पॅटर (वितळलेल्या लोखंडाचे शिंतोडे) कमी उडतो, ग्राइंडिंग वाचतं, पण सिलेंडर महाग.

भोकं पडत असतील तर आधी डोक्यावरचा फॅन बंद करा! मग नोझलमधला स्पॅटर काढा, गंज-ऑइल-पेंट घासा, गॅसचा फ्लो मिनिटाला १० ते १५ लिटर ठेवा, उगाच वाढवला तर गॅस घुसळून उलट हवा ओढतो. रेग्युलेटरचा हीटर चालू आहे ना तेही बघा, नाहीतर सीओटू सुटताना इतका गार होतो की रेग्युलेटर गोठतो. आणि टाकीच्या आत शिरून वेल्डिंग करायचं असेल तर हवा खेळती असल्याशिवाय आणि बाहेर एक माणूस उभा असल्याशिवाय उतरू नका, सीओटू हवेपेक्षा जड, तो खाली साचतो आणि आर्कमधून कार्बन मोनॉक्साइडही निघतो, वासाने कळत नाही.