डिजिटल: बोट की आकडा?

प्रश्न असा आहे: "माझ्या मामांचं सोलापुरात फ्लेक्स छपाईचं दुकान आहे, त्याची नवी पाटी मी करतोय. आपल्याकडे फ्लेक्सला सगळे 'डिजिटल' म्हणतात. ते चूक आहे का? आमच्या ओळखीचे एक सर म्हणतात, पाटीवर 'अंकीय मुद्रण' लिही. आणि डिजिटल लिहायचं झालं तर डिजिटल की डिजीटल?"

चूक मुळीच नाही. 'चौकात वाढदिवसाचं डिजिटल लावलंय', 'वाऱ्यानं डिजिटल फाटलं', 'दहा बाय वीसचं डिजिटल काढून द्या' ही सगळी सरळ, जिवंत मराठी वाक्यं आहेत. 'डिजिटल प्रिंटिंग' किंवा 'डिजिटल बॅनर' यातलं नाम गळालं आणि विशेषणच नाम होऊन बसलं. मोबाइल फोनचा मोबाइल झाला, ट्रान्झिस्टर रेडिओचा ट्रान्झिस्टर झाला, तसंच हे. बॅनर, पोस्टर नपुंसकलिंगी, म्हणून डिजिटलही 'ते डिजिटल'. पुण्यामुंबईची माणसं यावर हसतात आणि स्वतः 'फ्लेक्स' म्हणतात. पण फ्लेक्स हे तर नुसतं कापडाचं नाव. मूळ लॅटिन अर्थ 'वाकणारं'. त्यांनी कापडावरून नाव ठेवलं, आपण छपाईच्या रीतीवरून ठेवलं. यात आपण कमी कुठे पडलो?

मला चीड येते ती याच शब्दाच्या दुसऱ्या वापराची. कापडाचं प्रदर्शन असो, उद्घाटन असो, कुणीतरी माइकवर हमखास म्हणतं: 'पूर्वी आपली चादर पारंपरिक होती, आता डिझाइन डिजिटल झालं.' डिजिटल म्हणजे नवं, चकचकीत, पडद्यावरचं. आणि पारंपरिक म्हणजे जुनं, हातचं, अंदाजानं केलेलं, असा हिशेब. हे साफ खोटं आहे. जेकार्डवर, म्हणजे नक्षीसाठी हवे ते धागे उचलणाऱ्या मागावरच्या यंत्रावर, विणलेली सोलापुरी चादर पहिल्या दिवसापासून डिजिटल आहे. हे मी अभिमानापोटी म्हणत नाही, शब्दाच्या काटेकोर अर्थानं म्हणतो.

मी संकल्पचित्रणाचा, म्हणजे कापडाच्या डिझाइनचा, धंदा तीस वर्षं करतो. सुरुवात सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका तेलुगूभाषक मास्तरांकडे, ग्राफ भरण्यापासून केली. आखीव कागदावर एक उभी रांग म्हणजे ताण्याची (उभ्या धाग्यांची) एक जागा, एक आडवी रांग म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या धोट्याची एक फेरी. लाल रंगानं चौकट भरली तर तिथला धागा वर येणार, रिकामी सोडली तर खाली राहणार. मोराच्या मानेचा बाक मला गुळगुळीत हवा होता, म्हणून मी एका चौकटीचा कोपराच रंगवला. मास्तरांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "अर्धी चौकट भरता येत नाही. भरायची, नाहीतर सोडायची." नंतर त्यांनी मला तो बाक पायऱ्या पायऱ्यांनी कसा फसवायचा ते दाखवलं: तीन चौकटी आडव्या, एक वर, दोन आडव्या, एक वर, मग एकेक. दोन हात लांबून पाहिलं की मान गोल. आज ज्याला पिक्सेल म्हणतात त्याचं शिक्षण मी संगणकाला हात लावण्याआधी असं घेतलं.

आणखी एक गोष्ट त्याच आठवड्यात कळली. मी घरी शाळेच्या चौकोनी आलेखावर एक फूल काढून नेलं होतं. विणून आलं तेव्हा ते दबलेलं, आडवं पसरलेलं निघालं. कारण एका इंचात ताण्याचे धागे किती आणि बाण्याचे, म्हणजे आडवे, किती हे सारखं नसतं. त्या प्रमाणातच विणकामाच्या कागदाची चौकट आखलेली असते, ती चौरस नसते.

ग्राफ झाला की त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची. एका फेरीला एक पट्टी. सगळ्या पट्ट्या दोऱ्यानं ओवून माळ करायची आणि ती मागावरच्या जेकार्डला चढवायची. पट्टी आडव्या सुयांच्या रांगेवर दाबली जाते. भोक असेल तिथे सुई आत शिरते, तिचा उभा हूक जागेवर राहतो, वर सरकणारं पातं त्या हुकाला पकडून उचलतं आणि धागा वर येतो. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते, हूक कलंडतो, धागा खालीच. भोक आहे किंवा नाही. हूक वर किंवा खाली. तिसरं काही नाही. फ्रान्समधल्या लियोंच्या जोसेफ मारी जाकारनं हे यंत्र १८०४ साली उभं केलं; जेकार्ड हे नाव त्याचंच. त्याआधी १७२५ मध्ये बुशों नावाच्या लियोंच्याच कारागिरानं भोकांच्या कागदी पट्टीची कल्पना मांडली होती. जाकारच्या पट्ट्या पाहूनच इंग्लंडात चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्रासाठी भोकांच्या पट्ट्यांची योजना केली. बॅबेजकडे जाकारचं रेशमात विणलेलं एक चित्र होतं, त्याला सुमारे २४,००० पट्ट्या लागल्या होत्या. १८९० च्या अमेरिकी जनगणनेत हॉलेरिथ या अभियंत्यानंही माहिती मोजायला भोकांचीच कार्डं वापरली. म्हणजे संगणकाची वंशावळ काढली तर ती मागाच्या दारात येते. आणि आपल्याच शहरात माइकवरून सांगतात, की डिजिटल आता आलं!

आता शब्दाकडे येतो, कारण खरी मजा तिथे आहे. लॅटिनमध्ये 'डिजिटस' म्हणजे बोट. माणूस बोटांवर मोजतो, म्हणून एक ते नऊ या संख्याचिन्हांना इंग्रजीत डिजिट म्हणू लागले. आपणही 'बोटांवर मोजण्याइतके' म्हणतोच. हृदयाच्या औषधातलं डिजिटॅलिस हे झाडही याच बोटाचं. त्याचं फूल बोटात घालायच्या टोपणासारखं असतं. हे बहुतेकांना माहीत असतं, म्हणून पुढे जातो.

मराठीत या संख्याचिन्हाला आपण काय म्हणतो? आकडा. आणि आकडा म्हणजे दुसरं काय? हूक! तारेवर आकडा टाकून वीज घेतात, तो आकडा. चिंचेचा आकडा. पैलवानाच्या आकडेबाज मिशा. हातपाय आखडून वाकडे होतात ती आकडी, हाही मी त्याच घराण्यातला शब्द मानतो. हे दोन निरनिराळे शब्द योगायोगानं सारखे झालेले नाहीत, एकच शब्द आहे. संस्कृत अंक, त्याला प्राकृतातून आलेला आपला लाडका 'डा'. अंकाचे अर्थ पाहा: वाक, आकडा, मांडी (माणूस बसल्यावर जिथे वाकतो ती जागा), खूण, संख्या, नाटकाचा अंक. हत्तीला टोचायचा अंकुश त्याच कुळातला. ग्रीक 'आंक्युलोस' म्हणजे वाकडा, लॅटिन 'उंकुस' म्हणजे हूक, आणि जहाजाचा इंग्रजी 'अँकर', हे सगळे त्याचे दूरचे भाऊबंद.

यावर दोन बाजूंनी वाद घातला जातो. पहिली बाजू संस्कृतज्ञांची. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, अंक् धातू 'खूण करणे' या अर्थी दिला आहे, म्हणून खूण आधी, हूक नंतर, असं ते सांगतात. मला हे पटत नाही. धातुपाठानं अर्थाची नोंद केली, अर्थाचं वय नाही सांगितलं. ग्रीक, लॅटिन भावंडांकडे वाकण्याचा अर्थ ठळक आहे, खुणेचा नाही. सगळ्या भावांत जे सारखं तेच बापाकडून आलेलं. खूण हा अर्थ आपल्या घरी नंतर जन्मला, वाकडी रेघ ओढली की खूण होते म्हणून.

दुसरी बाजू जास्त चुकीची आहे आणि ती वारंवार ऐकू येते: 'वाकडा'तला व गळून 'आकडा' झाला. हे म्हणणाऱ्यांनी एकदा दक्षिण सोलापूरच्या एखाद्या गावात पारावर बसावं. तिथे वेळेला येळ म्हणतात, विचाराला इचार, विंचवाला इंचू. व जातो, पण कुठे? पुढे इ किंवा ए असेल तिथे. वाटेला 'आट' आणि वाघाला 'आघ' म्हणणारा माणूस मला दाखवा. वाकडा हा वक्र-वंक यांच्या वंशातला, आकडा अंकाच्या. यमक जुळतं म्हणून सोयरीक होत नाही.

शेजारच्या भाषांनी मला इथे मोठा पुरावा दिला. कानडीत संख्याचिन्ह म्हणजे अंकि, तेलुगूत अंके. पण हुकाला कानडीत कोक्के म्हणतात, तेलुगूत कोक्केम. त्यांनी संस्कृतातून फक्त संख्या घेतली, हूक त्यांचा स्वतःचा होता. मराठीला हा शब्द वारशानं आला, म्हणून हूक आणि संख्या दोन्ही एकाच मुठीत आले. ज्या शहरात या तिन्ही भाषा एका बोळात बोलल्या जातात तिथे हे तपासायला कोश लागत नाही. दुकानात जाऊन हूक मागावा.

आता माझं आवडतं म्हणणं मांडतो. इंग्रजांच्या शब्दात बोट आहे, आपल्या शब्दात हूक आहे. आणि यंत्रात काय आहे? बोट नाही, हूकच आहे. जेकार्ड केवढं मोठं ते हुकांच्या संख्येवरच सांगतात. म्हणजे जेकार्डमध्ये आकडे मोजायचे आणि आकडेच उचलायचे. या यंत्राला साजेसा शब्द जगात कुठल्या भाषेत असेल तर तो मराठीत आहे. बोटालाही मी याच घरात आणतो: अंगुली हा शब्दसुद्धा वाकण्याशी जोडलेला असावा असं माझं मत आहे. बोट हा वाकणारा अवयव. हे मानलं तर बोट, हूक आणि संख्या तिन्ही एका ओळीत येऊन बसतात.

म्हणून 'अंकीय' मला नको. व्याकरणानं त्यात खोट नाही, पण तो शब्द बोलताना कुणाच्या तोंडात बसत नाही आणि त्यातला हूक मेलेला आहे. विशेषणच हवं असेल तर 'आकडी' घ्या. काट्याचं घड्याळ आणि आकडी घड्याळ, ऐकताक्षणी कळतं. आकडी म्हणजे फिट हा अर्थ आड येईल असं परिभाषा करणारे म्हणतील. येत नाही. 'कळ' दाबतात तीही कळच आणि पोटात येते तीही कळच; आजवर कुणी विजेची कळ दाबताना पोट धरलेलं नाही.

तर पाटी. 'अंकीय मुद्रण' लिहू नका, मामांचं गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाईल. 'डिजिटल' लिहा. दोन्ही वेलांट्या ऱ्हस्व, कारण उच्चारात दोन्ही इ आखूड आहेत. गावभर 'डिजीटल' दिसतं ते चूक आहे. फक्त जाड ठशात ड आणि ज यांच्या वेलांट्या शेजारी शेजारी येतात आणि पहिलीचं टोक दुसरीच्या पाठीला चिकटतं. तयार फॉन्टवर सोडू नका. दोन अक्षरांत थोडी जागा वाढवा, आणि पहिल्या वेलांटीचा वाक हातानं किंचित आत घ्या. छापण्याआधी पाटी रस्त्याच्या पलीकडून पाहा.